हेवी लायसन झालं, आता पहिली गाडी कुणाची? कोकणातल्या पहिल्या कामांची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडात नव्या ट्रक ड्रायव्हरने पहिलं वर्ष काढायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे तालुक्याच्या बाजारपेठेतल्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानाची स्वतःची गाडी. पगार बेताचा, रुबाब शून्य, संध्याकाळी केसात सिमेंट. पण हात तिथेच बसतो. बोलावणी मात्र जास्त येतात ती मासळीच्या गाड्यांवरून आणि डंपरवरून, कारण तिथे माणूस टिकत नाही. तो का टिकत नाही हे न विचारता जो गाडीवर चढतो, त्याचं कोरं लायसन पहिल्याच पावसात कुठेतरी अडकतं.

पारख करताना पगार दुसऱ्या नंबरवर ठेवला आहे. पहिला प्रश्न असा: या कामात सहा महिन्यांत काय शिकायला मिळतं, आणि चूक झाली तर ती कुणाच्या गळ्यात पडते?

ड्रायव्हिंग स्कूल: ‘काम लावून देतो’ म्हणजे काय

हेवीचा कोर्स नियमाप्रमाणे किमान ३० दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी हातात किमान १५ तास. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. गाडी एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, आहे का? भरलेली गाडी कधी हातात देता का? घाट उतरवून दाखवता का? बहुतेक ठिकाणी तिन्हींची उत्तरं गुळमुळीत येतात. सड्यावरच्या मोकळ्या मैदानात जुना रिकामा ट्रक आठ आकड्यात फिरवला की झाला हेवी ड्रायव्हर. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही एकाच कंपनीची दोन वेगळी जनावरं आहेत. रिकाम्याला ब्रेक लागला की मागची चाकं उडतात, भरलेला मात्र पुढे रेटत राहतो. स्कूलमध्ये ही दुसरी भेट होतच नाही.

‘काम लावून देतो’ याचा अर्थ ओळखीच्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन नंबर. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत, ते नंबर नाक्यावरच्या टायरवाल्याकडे फुकट मिळतात. स्कूलचा खरा उपयोग फॉर्म ५ म्हणजे प्रशिक्षणाच्या दाखल्यापुरता.

कागदाचं गणित ज्यांचं अजून अर्धवट आहे त्यांच्यासाठी: ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसनला वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी हलक्या मोटारीचं लायसन एक वर्ष जुनं हवं. डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर टेस्ट देता येते. आठवी पासची अट २०१९ साली गेली. ट्रान्सपोर्टचं लायसन ५ वर्षं चालतं. मालवाहू गाडीला बिल्ला लागत नाही, तो प्रवासी गाडीसाठी. तेव्हा बिल्ल्याच्या नावाने कुणी जादा पैसे उकळत असेल तर उठून यावं.

आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर साध्या हलक्या मोटारीच्या लायसनवर ती मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. म्हणजे हेवीच्या टेस्टची तारीख येईपर्यंत ४०७ किंवा तशाच टेम्पोवर काम धरायला हरकत नाही. मालक ‘हेवी आण, मग बघू’ म्हणाला तर त्याला हे नम्रपणे सांगावं.

सिमेंट-लोखंडाच्या दुकानाची गाडी: पहिला नंबर

या कामाची खुबी अशी की ते दिवसाचं आहे, पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघातलं आहे आणि रोज वेगळ्या वाडीत जाणारं आहे. सकाळी भरायचं, दोन-तीन ठिकाणी उतरवायचं, संध्याकाळी गाडी दुकानामागे लावून घरी जायचं. गाडीला काही झालं तर मालक अर्ध्या तासात पोचतो. रात्री दोन वाजता घाटात एकट्याने निर्णय घ्यायची वेळ येत नाही.

शिकायला काय मिळतं? पहिलं, वजन. सिमेंटची पिशवी ५० किलोची, म्हणजे वीस पिशव्यांचा टन. दोन ॲक्सलच्या सहाचाकी ट्रकचं मंजूर एकूण वजन १८.५ टन. त्यातून गाडीचं स्वतःचं सात-साडेसात टन वजा करा, उरले अकरा-साडेअकरा टन, म्हणजे दोनशेवीस-तीस पिशव्या. हौदात जागा याच्यापेक्षा जास्त असते, नवा माणूस फसतो तो इथे. जागा आहे म्हणून भरू नये. आरसी बुकात रिकामं वजन आणि एकूण वजन छापलेलं असतं, दोन्हींची वजाबाकी एकदा करून कॅबिनमध्ये चिकटवून ठेवावी. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात.

दुसरं, सळई. ती बारा मीटरची येते आणि हौद तेवढा लांब नसतो. सळई मधोमध वाकवून, दुमडून भरावी. कॅबिनवरून पुढे आणि फाळक्यावरून मागे लोंबकळत नेण्याची जी पद्धत पाहायला मिळते तिला कायद्यात वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे. लाल फडकं बांधलं म्हणून दंड टळत नाही आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीवही वाचत नाही. ‘एवढ्या जवळ तर जायचंय’ हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. अशा वेळी गाडी हलवायची नाही, एवढा ताठपणा पहिल्या आठवड्यात दाखवला तर पुढे कुणी आग्रह करत नाही.

तिसरं, आणि सगळ्यात मोठं, रिव्हर्स. कोकणातली वाडी म्हणजे एका बाजूला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, वर फणसाची आडवी फांदी आणि तिच्याखालून गेलेली कुणाच्या तरी घराची विजेची वायर. पाणंदीत गाडी पुढून घातली तर परत वळवायला जागा नसते. म्हणून डांबरीवरच गाडी उलटी करून मागून आत न्यावी, म्हणजे बाहेर पडताना तोंड रस्त्याकडे राहतं. आत नेण्याआधी स्वतः चालत जाऊन बघावं. मोरीचा पाइप फुटलाय का, साकवावर वजनाची पाटी आहे का, शेवटच्या वळणावर गडगा किती पुढे आलाय? क्लीनर मागे उभा असेल तर तो आरशात दिसेल अशाच जागी हवा. तो आरशातून गायब झाला की गाडी थांबवायची, हाका मारत बसायचं नाही.

पावसाळ्यात डांबराच्या कडेची तांबडी माती हे या भागातलं खास दुखणं. वरून घट्ट दिसते, आत लोण्यासारखी असते. समोरून एसटी आली म्हणून डावी चाकं खाली उतरवली की गाडी तिकडे कलंडायला लागते, आणि भरलेल्या सिमेंटच्या गाडीला त्यातून काढायला जेसीबीच लागतो. रस्ता नुकताच रुंद केलेला असेल तर भराव अजून बसलेला नसतो, तिथे धोका दुप्पट. साईड देताना थांबावं, हात करून समोरच्याला मागे जायला सांगावं, पण चाक डांबरावरच ठेवावं. समोरचा शिव्या देईल, चालायचंच.

वाईट बाजूही आहे. माल उतरवायला हमाल नसेल तर ड्रायव्हरलाच पिशव्या उचलायला लावतात. हे काम पगारात धरलंय की नाही हे पहिल्याच दिवशी विचारावं. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात आणि खेपेवरचा भत्ता आटतो. हिशोबासाठी आकडे घेऊ: महिना १५,००० आणि खेपेला २०० ठरलं. उन्हाळ्यात ४० खेपा झाल्या तर २३,०००, जुलैत १२ झाल्या तर १७,४००. म्हणून बोलणी करताना खेपेचा दर वाढवून मागण्यापेक्षा मूळ पगार हजाराने वाढवून घेणं जास्त भरवशाचं.

मालक ट्रायल घेतो तेव्हा

कुठलंही काम असो, ट्रायल पाच-दहा मिनिटांची असते आणि मालकाचं लक्ष स्टिअरिंगवर नसतं. नवा माणूस गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो का, टायरवर हात मारतो का, खाली तेल गळतंय का वाकून बघतो का, हे आधी पाहिलं जातं. मग चावी फिरवून हवेचा काटा सात-आठ बारवर येईपर्यंत थांबतो का. हवा भरायच्या आत हँडब्रेक सोडून गाडी खेचणारा तिथेच बाद होतो. चढावर गाडी उभी करून परत उचलायला लावतात. ती मागे घरंगळली तर एक वेळ चालेल, पण क्लचचा जळका वास आला तर नाही, कारण क्लचप्लेटचा खर्च मालकाच्या डोक्यात पक्का असतो.

मालवणी मालकाचा ठरलेला प्रश्न: “घाट खयच्या गेरात उतरवतलंस?” उत्तर असं की ज्या गियरमध्ये ती भरलेली गाडी तो घाट चढली असती, त्याच गियरमध्ये किंवा एक खालच्या, आणि तोही उतार सुरू होण्याआधी टाकलेला. उतारावर वेग वाढल्यानंतर गियर खाली टाकायला गेलं की तो पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, आणि मग उरतो फक्त पायाखालचा ब्रेक. सतत दाबलेल्या ब्रेकने ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, आणि वारंवार पंप मारल्याने टाकीतली हवा कंप्रेसर भरतो त्याहून लवकर संपते. ब्रेक ‘फेल झाला’ म्हणून जे सांगतात त्यातलं पुष्कळसं हेच असतं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा, लावून ठेवावा. पायाचा ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून वेग उतरवावा आणि पूर्ण सोडावा. हलका दाबून घाटभर चालू ठेवू नये. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, कुठेही उत्तर हेच. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतो असं चुकून तोंडातून गेलं तर घरी जायची तयारी ठेवावी.

२०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्या असतील तर ‘युरिया’, म्हणजे धूर स्वच्छ करणारं डीईएफ हे द्रव, याबद्दल विचारतात. त्याची टाकी वेगळी, झाकण बहुधा निळं. ती रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी होते आणि घाटात ती चढत नाही. नवे लोक इंजिन बिघडलं समजून मेकॅनिकला फोन करतात. त्या टाकीत डिझेल किंवा साधं पाणी गेलं तर खर्च मोठा, आणि तो कुणाकडून वसूल होतो ते सांगायला नको. लांबून चढून आल्यावर टर्बोचं इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवावं, हेही मालकाच्या नजरेत भरतं.

डंपर: काम भरपूर, भरवसा कमी

चिरेखाणी, क्रशर आणि रस्त्यांची कामं यांच्यामुळे डंपर आणि दहाचाकी गाड्यांना माणूस कायम हवा असतो. लायसनवरची शाई वाळायच्या आत चावी हातात मिळते. हाच याचा गुण आणि हाच दोष.

चिऱ्याचा हिशोब पाठ करून ठेवावा. नेहमीच्या मापाचा चिरा तीस-पस्तीस किलोचा भरतो. सहाचाकी ट्रकला अकरा टन माल मंजूर, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे चिरे. छोट्या टेम्पोत अडीच टन, म्हणजे ७०-८०. प्रत्यक्षात खाणीवर मोजणी कुणाच्या सोयीने होते हे गाडीचे कमानपाटे बघून कळतं: रिकाम्या गाडीचे पाटे सरळ झालेले किंवा जादा पाटे घातलेले दिसले तर ती गाडी रोज ओव्हरलोड चालते असं समजावं. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. अवकाळी पावसाने भिजलेला चिरा तेवढ्याच संख्येत जास्त वजन देतो, आणि वजनकाट्यावर हे ‘पाणी आहे साहेब’ म्हणून चालत नाही.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे वाहतूक पास. चिरा, खडी, वाळू, माती हे सगळं गौण खनिज. शासनाच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन व्यवस्थेवरचा ई-पास गाडीच्या नंबरचा, त्या दिवसाचा आणि त्या वेळेचा हवा. एकाच पासवर तीन खेपा मारायच्या हा जुना उद्योग आहे. महसूलच्या पथकाने अडवलं तर गाडी तहसील कार्यालयात लागते, आणि त्या क्षणी गाडीत बसलेला असतो तो ड्रायव्हर. मालक फोन उचलत नाही. तेव्हा खाणीतून बाहेर पडण्याआधी पास मोबाईलवर स्वतः उघडून नंबर आणि वेळ वाचावी. पास नसेल तर गाडी काट्याच्या पुढे न्यायची नाही. असं म्हणणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत घरी पाठवणारा मालक असेल तर ते काम गेलेलंच बरं.

डंपर उलटतो तो रस्त्यावर कमी आणि खाली करताना जास्त. जमीन एका बाजूला उतरती असेल, माल ओला होऊन एका कोपऱ्यात चिकटला असेल आणि हौद वर गेला असेल, तर सगळं वजन उंचावर एका कडेला जातं. सपाट जागा बघावी, मागची दोन्ही बाजूंची चाकं सारख्या कठीण जमिनीवर हवीत, माल चिकटलेला दिसला की हौद खाली घ्यावा. झटके देऊन माल पाडायचा नाही. वर वायर आहे का हे हौद उचलण्याआधी बघायचं, नंतर नाही. आणि हौद खाली आल्याची खात्री करूनच हलायचं.

रस्त्याच्या ठेकेदाराकडचा डंपर हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. गाडी बहुतेक साईटवरच फिरते, पीएफ कापला जातो आणि सोबत बरेच जुने ड्रायव्हर असतात. खाजगी चिरेगाडीला पाचपैकी दोन, ठेकेदाराच्या गाडीला तीन.

मासळीची गाडी: एकट्याने नको

मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण इथून गाड्या रात्री सुटतात आणि पहाटेच्या बाजाराला पोचतात. पैसे रोख आणि लवकर मिळतात. पण सगळा भाव वेळेवर ठरलेला असतो: बाजार चुकला की मासळी पडेल दराने जाते. बर्फ वितळत असतो, मालक दर तासाला फोन करत असतो, आणि नवा ड्रायव्हर झोपेशी भांडत कशेडी घाटाच्या पुढे आलेला असतो. तापलेल्या दिवसांत मासळीइतकाच बर्फ लागतो. तो कमी घातला की वेग वाढवून तूट भरून काढायचा दबाव ड्रायव्हरवर येतो. म्हणून भरताना बर्फ किती घातला हे बघणं हेसुद्धा ड्रायव्हरचंच काम.

गाडीच्या तब्येतीचा प्रश्न आणखी वेगळा. खारं पाणी चासीवर, ब्रेकच्या पाइपवर आणि वायरिंगच्या जोडावर गळत राहतं. मासळीच्या गाडीची मागची लाईट बंद असणं हे इतकं नेहमीचं आहे की ती चालू दिसली तर आश्चर्य वाटावं. गाडी धरण्याआधी खाली वाकून पाइप बघावेत, हिरवट किंवा पापुद्रे आलेले जोड दिसले तर नाही म्हणावं. पाणी साठवायची टाकी गाडीखाली आहे का आणि ती गळते का हेही बघावं. ते पाणी वळणावर सांडलं की मागचे दुचाकीवाले घसरतात, मग गाव गाडी अडवतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत पगार चालू, अर्धा की बंद, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. दुसरा ड्रायव्हर म्हणून जुन्या माणसाबरोबर बसायला मिळत असेल तर हे काम उत्तम शाळा आहे, रात्रीचा हायवे याहून चांगला कुठे समजत नाही. एकट्याच्या भरवशावर पहिल्या वर्षी मात्र साफ नको.

आंब्याच्या गाडीबद्दल साधारण हेच, फक्त हंगाम छोटा. मार्च ते मे वाशीच्या बाजाराला पेट्या जातात, माणसं कमी पडतात आणि नव्यालाही बोलावतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर जास्त रचले की खालची बसतात, आणि ताडपत्री चहूबाजूंनी आवळली की आत उष्णता कोंडून फळ लवकर पिकतं. बाजूने हवा खेळती ठेवून फक्त वरून झाकावी. दोन-तीन महिन्यांत तीनशेवर किलोमीटरचा एकच रस्ता रात्री इतक्या वेळा होतो की पुढच्या मालकाकडे सांगायला काहीतरी राहतं. हंगामी म्हणून धरावं, भरवशाचं म्हणून नाही.

लोटे, महाड, रोहा: टँकरची घाई

एमआयडीसीतल्या रसायनांच्या टँकरवर पगार चांगला, म्हणून सगळ्यांचा डोळा तिथे. त्याला लायसनवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, कारण टँकरवरचा यूएन नंबर (आत कुठलं रसायन आहे ते सांगणारा आकडा) आणि कॅबिनमधलं ट्रेम कार्ड (गळती-आगीत काय करायचं ते सांगणारा कागद) वाचायचं ते ड्रायव्हरने. ही नोंद असलेलं लायसन ५ ऐवजी ३ वर्षं चालतं आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी लागते.

कोर्स पहिल्याच वर्षी करून ठेवायला हरकत नाही. गाडी मात्र दुसऱ्या वर्षी धरावी. कारण द्रव माल स्थिर नसतो. टँकर अर्धा भरलेला असेल तर ब्रेक मारल्यावर सगळं द्रव पुढे धावतं आणि थांबलेली गाडी पुन्हा ढकलते. वळणावर बाहेरच्या बाजूला चढतं आणि गाडी त्याच बाजूला जाते. अंजणारीच्या पुलावरून सप्टेंबर २०२२ मध्ये गॅसचा टँकर काजळी नदीत गेला आणि हायवे अडकून पडला. हातखंब्याच्या उतारावर जुलै २०२५ मध्ये असाच एक टँकर उलटला. वळणाआधी वेग उतरवणं हे अंगात भिनल्याशिवाय तिकडे जाऊ नये. रिकामा टँकर परत आणतानाही आत वाफ असते, हे कोर्समध्ये सांगतात आणि ढाब्यावर विडी पेटवताना विसरतात.

जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर या पारखीत धरलेच नाहीत. ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेने फिरवायची सवय लागते, ती रिजिड, म्हणजे साध्या एकसंध ट्रकवर हात बसल्यावरच.

एजंट आणि मोबाईलवरचे ग्रुप

‘अर्जंट ड्रायव्हर पाहिजे, राहणं-जेवण फ्री’ असे निरोप रोज फिरतात. त्यातले बरेच खरे असतात, पण तीन गोष्टी दिसल्या की विषय सोडावा. नोंदणीचे पैसे आगाऊ मागणं. मूळ लायसन ‘जमा’ ठेवून घेणं; झेरॉक्स द्यावी, डिजिलॉकरमधलं दाखवावं, मूळ कधीही नाही. आणि तिसरी, मोठी उचल आग्रहाने देणं. उचल फिटेपर्यंत माणूस सोडत नाहीत आणि ती फिटू नये अशी भत्त्याची व्यवस्था असते.

गोव्याच्या फेऱ्या असलेलं काम असेल तर परतीला काय भरतात हे स्वतः बघावं. हद्दीजवळ बांदा-इन्सुलीला तपासणी होते. सीटमागे किंवा मालाच्या आत कुणाची दारूची खोकी निघाली तर गुन्हा गाडीत असलेल्यावर आणि जप्ती गाडीवर. ‘एक पार्सल आहे, कणकवलीला घेतील’ म्हणणारा ओळखीचा असला तरी उत्तर एकच.

हो म्हणण्याआधी मालकाशी

गाडीचे विमा, फिटनेस, परमिट आणि पीयूसी या चारांच्या तारखा स्वतः बघाव्यात, परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की दिसतात. फिटनेस संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. विम्यात पगारी ड्रायव्हरचं संरक्षण घेतलंय का हे पॉलिसीवर वेगळी ओळ म्हणून छापलेलं असतं. नसेल तर त्याचा हप्ता किरकोळ असतो, मालकाला तो भरायला सांगण्यात संकोच नको.

ई-चलान मालकाच्या मोबाईलवर येतं आणि महिनाअखेरीला सगळं एकत्र कापलं जातं. त्याआधीच ठरवावं: वेग, मोबाईल, सीटबेल्ट हे ड्रायव्हरचं, ओव्हरलोड, फिटनेस, बंद लाईट हे मालकाचं. प्रत्येक चलानात तारीख, वेळ आणि फोटो असतो. त्या वेळी गाडीवर कोण होतं याची साधी वही ठेवली तर दुसऱ्याचं चलान आपल्या पगारातून जात नाही. डिझेलचंही तसंच. ॲव्हरेज काढायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरून किलोमीटर लिहायचे, आणि परत गळ्यापर्यंत भरताना किती लिटर बसलं त्यावरून. काट्याच्या अंदाजाने काढलेल्या ॲव्हरेजवर कपात मान्य करू नये. टायर बदलल्यावर शे-पन्नास किलोमीटरने नट पुन्हा आवळायचे असतात. ते कुणी आवळले याचीही त्याच वहीत नोंद हवी.

गाडीत एसी आहे का हा प्रश्न आता हौसेचा राहिला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना कॅबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. पण पहिल्या कामाला मिळणारी गाडी बहुधा त्याआधीचीच असेल, तेव्हा खिडकीची काच नीट वर जाते का आणि वायपर दोन्ही चालतात का एवढं तरी तपासावं.

गणपतीच्या आधी सुरू करायचं असेल तर आणखी एक. दरवर्षी चाकरमान्यांच्या गर्दीसाठी मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्यावरच्या मालगाड्यांना काही दिवस बंदी असते. दूध, भाजी, इंधन, औषधं असल्या गाड्यांना सूट मिळते. हायवेवरच्या गाडीचं काम त्या दिवसांत उभं राहतं आणि खेपेवरचे पैसे बुडतात. सिमेंटच्या दुकानाचा टेम्पो वाडीवाडीत चालूच असतो, कारण चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या खळ्याचा कोबा राहिलेला असतो.